दुसऱ्या मशीनची घडी

भाऊ, तुमच्या तेरवीला मी आले नाही. यवतमाळच्या स्टँडवर तुमच्या गावाकडं जाणाऱ्या घाटंजीच्या बसमध्ये जाऊन बसले होते, खिडकीजवळची जागाही मिळाली होती. बस सुटायच्या आधी उतरले. समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तोही तसाच ठेवून खोलीवर परत आले. पुसदला आईला फोन करून सांगितलं की ताप आहे. ताप नव्हता. मले भेव वाटत होतं, भाऊ. तुमच्या हार घातलेल्या फोटोचं नाही, कमलवहिनींचं.

तुम्ही गेले त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडत नव्हत्या. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हळूच मला विचारलं, "पल्लवी, तो आकडा हालत काहून नव्हता वं?"

"कोणता आकडा, वहिनी?"

"काचेच्या आतला. नर्सबाईच्या टेबलावरच्या टीव्हीत याईच्या, तुह्या भाऊच्या नावापुढं ब्याऐंशी होतं. मी बाहेरून पाहून राह्यली होती. किती वेळ पाह्यलं, ब्याऐंशीच. मले वाटलं, चांगलं आहे, थांबलं म्हणजे बरं वाटून राह्यलं असन."

 त्यांना कोणीतरी सहीला बोलावलं आणि त्या उठून गेल्या. मी तिथंच बसून राहिले. कारण आकडा का थांबला असेल हे त्या वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसांत मला एकटीलाच ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे पक्कं नाही. पण दुसरं काही सुचेचना.

लोक नेहमी विचारायचे, तुम्ही दोघं कापसाच्या त्या बंद जिनिंगच्या ऑफिसात बसून करता तरी काय. मी सांगायला गेले की माझी गाडी कर्नेलवरच अडायची. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला तो भाग, जो बाकी सगळ्यांना चालवतो, वगैरे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. मग तुम्ही मधे पडायचे. पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस, तुमच्याकडे उत्तर तयार असायचं. "काई नाई बाप्पा. चालू फोन या खोलीतून त्या खोलीत न्यायचा. लाइन तुटली नाई पायजे, अन् पलीकडं जो बोलून राह्यला त्याले पत्ता लागला नाई पायजे. बस." लोक मान हलवायचे. मला राग यायचा, कारण तेवढ्यातच सगळं आलेलं असायचं.

चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा, त्याची सगळी अवस्था फायलीत उतरवायची, फाईल दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथं तो पुढं चालू करायचा. प्रोग्रामचं एवढं काही नाही. अवघड असतं ते त्याचं नेटवर्कवर दुसऱ्या कोणाशी चाललेलं बोलणं. कुठपर्यंत बोलून झालं, काय पाठवलं पण पोचल्याचा निरोप आला नाही, काय आलं पण अजून वाचलं नाही, हे सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यावं लागतं. कोड दूरदेशीच्या कोणीतरी लिहायचा. तो मेलवर यायचा, जगभरची माणसं त्याच्यावर भांडायची, आणि ज्यानं तो वाचून तपासला त्याचं नाव खाली लागायचं. आपण दोघं तपासणारे. नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं आपल्याला त्यासाठीच धरलं होतं, कारण ती दवाखान्यांसाठी वॉर्डाची सिस्टीम बनवत होती आणि मशीन बदलताना काम अडू नये म्हणून त्यांना हे हलवणं पायजे होतं.

कापसाची ती वर्षं सगळ्या जिल्ह्यालाच वाईट गेली. जिनिंगवाल्यानं दोन हंगाम मशीन लावलीच नाही, म्हणून तर त्याचं ऑफिस आपल्याला मिळालं. कापूस नव्हता, पण रुई कुठून यायची कोण जाणे. संगणकाच्या पंख्यात बसायची. दर सोमवारी तुम्ही दाढीचा जुना ब्रश घेऊन पंखा साफ करायचे आणि करता करता घरच्या पऱ्हाटीची हालत सांगायचे. बोंडात अळी, तुरीचं बरं आहे, भाऊबंद सोयाबीन पेरा म्हणून राह्यले. मग ब्रश झटकून म्हणायचे, "चाल, वाच."

ती तुमची पद्धत. कोड कागदावर छापायचा, मी मोठ्यानं वाचायचा, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. एकेक भाग वाचून झाला की तुमचं ठरलेलं, "आता वऱ्हाडीत सांग." मी पुसदच्या ऑफिसातल्या कारकुनाची पोरगी, आमच्या घरी छापील मराठी. मले, तुले म्हटलं की बाबा जेवताना हात थांबवायचे. तुमच्याकडे उलटं. "वऱ्हाडीत सांगता येत नाई म्हणजे तुले समजलं नाई, अन् समजलं नाई तं नाव कायचं टाकतं?" एवढ्यावरही भागायचं नाही. तुम्ही घरी फोन लावून स्पीकरवर टाकायचे, आणि मी सांगितलेलं वहिनींनी ऐकायचं. वहिनी तिकडे शेंगा सोलत नाहीतर तांदूळ निवडत. त्यांनी "हं, समजलं" म्हटलं की तो भाग पास. पहिल्या महिन्यात मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतो. मी एकदा कागद आपटून बाहेरही गेले होते. तुम्ही काही बोलले नाही, आलेपाकाची वडी माझ्या टेबलावर ठेवून बसून राहिले.

पाठवलं पण पोचल्याचा निरोप नाही आला, त्या ढिगाचा भाग आठवतो? मी सगळं सांगितलं, तुम्हीही समाधानानं मान हलवली. तिकडून वहिनी म्हणाल्या, "अन् मधातच निरोप आला तं? तू तं थांबवून ठेवलं सारं. मंग ते दोनदा जाईन ना." तुम्ही डोळे उघडले. आपण कागद परत काढले. खरंच जात होतं दोनदा. ज्यानं लिहिलं होतं त्यानं दुसऱ्या दिवशी आभार मानले, आणि तुम्ही फोनवर ओरडून सांगितलं, "तुह्यं नाव टाकतो खाली." वहिनी म्हणाल्या, "माह्यं कायले? मी का इंजिनेर आहो?" आपण तिघं किती हसलो होतो.

आणि आपलं ते भांडण, जे संपलंच नाही. मी म्हणायची, पलीकडच्याला न सांगता त्याची लाइन हलवणं म्हणजे त्याला फसवणं. त्याला कळायला पायजे की मधे काहीतरी झालं. तुम्ही म्हणायचे, "फसवणं कायचं? त्याचं काम नाई अडलं पायजे. त्याले सांगून तू फक्त त्याले भेव देशीन." मी म्हणायची, भेव असेल तर भेव वाटायलाच पायजे माणसाला. तुम्ही हसून विषय बदलायचे. आज तुम्ही समोर असते तर मी हे भांडण पहिल्यांदा हरायला तयार झाले असते की जिंकायला, तेच मला कळत नाही. खरंखोटं यावर एवढ्या तावातावानं बोलणारी मी, आणि केलं काय ते आता सांगते.

तो शनिवार. घड्याळाचा भाग, तुमच्या भाषेत घडीचा, तेवढा राहिला होता. दहा ते दोन लाइट गेलेले. आपल्या इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं, दुसरं कोपऱ्यात बारदान्याखाली झाकलेलं. म्हणून आपली सवयच पडली होती, प्रोग्राम थांबवायचा त्याच मशीनवर आणि उठवायचाही त्याच मशीनवर. म्हणजे फोन या खोलीतून काढायचा आणि याच खोलीत लावायचा. तुम्हाला ते खटकायचं. तुम्ही त्या दिवशी शेतावर होते, तिथून फोन केला. "पल्लवी, घडीचं दुसऱ्या मशीनवर चालवून पाह्यलं काय?"

मला दीडची पुसदची बस पकडायची होती. पाहुणे येणार होते मला बघायला, आईनं सकाळपासून चार वेळा फोन केला होता, आणि मी चिडलेली होते. लाइट दोनला येणार. मी म्हटलं, "हो भाऊ, पाह्यलं. चाललं."

"कमलले सांगतलं काय?"

"सोमवारी सांगते. आता बस जाईल."

"बरं. तू पाह्यलं म्हणतं तं नाव टाक दोघाइचं."

मी टाकलं. उभ्यानं, पर्स खांद्याला लावून. तुमचं आणि माझं. पाहुण्यांनी नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. सोमवारी तुम्ही विचारलं नाही, मी वहिनींना सांगितलं नाही, आणि मग दुसरं काम आलं. पुढच्याच महिन्यात नागपूरवाल्यांनी ते नवीन कर्नेल यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात बसवलं. तुम्हीच मागे लागले होते की पहिलं आपल्या गावात चालू द्या.

तुमच्या छातीत दुखायला लागलं ते बसमध्ये. ड्रायव्हरनं स्टँडवर न नेता बस सरळ त्या दवाखान्याच्या फाटकात उभी केली, सगळ्या पॅसेंजरसकट. मी पोचले तेव्हा तुम्ही पलंगावर, छातीला वायरी, आणि चेहऱ्यावर हसू. "पल्लवी, हे आपलंच आहे ना?" उशाजवळच्या यंत्राकडं बोट दाखवून विचारलं. "याचे आकडे भाईर टेबलावर जातेत ना? आपल्याच कर्नेलवरून?" मी हो म्हटलं. तुम्ही सिस्टरला सांगितलं, "या पोरीनं तपासलं ते." सिस्टर म्हणाली, काका, बोलू नका. मग मी निघताना तुम्ही मला परत बोलावलं. "घडीचं कमलले सांगायचं राह्यलं आपलं," म्हणाले. मी म्हटलं, बरे होऊन या, मग सांगू. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. मी त्याच्यावरही खोटंच हसले होते.

त्यानंतर मला काय काय होऊन राह्यलंय ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. पेट्रोल पंपावर मीटर क्षणभर अडकलं तर माझा श्वास अडकतो. स्टँडवरचं घड्याळ बंद आहे हे सगळ्या यवतमाळला माहीत आहे, मी त्याच्याखालून जात नाही. बँकेत टोकनचा आकडा हलला नाही म्हणून मी खिडकीपाशी जाऊन त्या बाईला विचारलं, "आत सगळे ठीक आहेत ना?"  भेव असं की ते सकाळी माझ्या आधी उठतं. चहा ठेवते तोवर ते टेबलाशी येऊन बसलेलं असतं.

त्या दिवशीच्या नोंदी माझ्या मशीनवर येऊन पडल्या होत्या. नागपूरच्या माणसानं मेलवर पाठवल्या होत्या, नेहमीप्रमाणं, तपासायला. तेरा दिवस मी ती फाईल उघडली नाही. तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली. जिनिंगच्या ऑफिसात, दुपारी, दार उघडं टाकून, कारण बंद खोलीत ती उघडायची माझी हिंमत नव्हती.

पावणेतीनला जुनं मशीन तापायला लागलं म्हणून नागपूरहून त्यांनी सगळं दुसऱ्या मशीनवर हलवलं. हलवायला चार सेकंद. एकही लाइन तुटली नाही, असं त्यांनी खाली कौतुकानं लिहिलेलं. पुढं काही सेकंद प्रत्येक पलंगाचे आकडे येत राहिले. मग सगळ्यांचे थांबले. तुटल्याची खूण नाही, गजर नाही, शेवटचा आकडा तसाच. चौदा मिनिटांनी पलंगाकडची यंत्रं कंटाळली, त्यांनी जुनी लाइन सोडली, नवीन जोडली आणि आकडे परत सुरू झाले. तुमच्या पलंगासमोरचा शेवटचा आकडा ब्याऐंशी होता. तुमच्या केसपेपरची झेरॉक्स वहिनींनी माझ्याकडेच ठेवायला दिली होती. दुसरा झटका आला त्याची वेळ त्यावर आहे. ती त्या चौदा मिनिटांत बसते.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की उशाजवळचं यंत्र बरोबर दाखवत होतं, सिस्टर पलंगापाशीच होती, हृदय आधीच फार खराब झालेलं होतं, टेबलावरच्या स्क्रीननं फरक पडला नाही. मी विचारलं, सिस्टर कधीपासून पलंगापाशी होती? ते थोडं थांबले. मग म्हणाले, "होती ना." मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यावर बसले. भाऊ, तेवढं थांबणं मी किती वेळा मोजलंय म्हणून सांगू.

त्याच संध्याकाळी नागपूरहून फोन आला. जुनं मशीन दुरुस्त होऊन आलंय, परवा सकाळी परत त्याच्यावर हलवतो, मागच्या वेळी थोडी नेटवर्कची गडबड झाली असेल. त्यानं हेही सांगितलं की तो कोड आता या आठवड्यात मुख्य कर्नेलमध्ये घेणार आहेत, आपल्या दोघांच्या नावानिशी, आणि भाऊंची आठवण राहील त्या निमित्तानं. मी "बरं" म्हटलं. बरं म्हटलं, भाऊ. त्या वॉर्डात परवा कोण कोण असेल हे मला माहीत होतं का? नव्हतं. नव्हतं म्हणूनच बरं म्हणता आलं. सांगायला गेले तर ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं, तुम्ही तर तपासलं होतं. आणि मग वहिनींच्या कानावर ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये बसले आणि या वेळी उतरले नाही. हात मांडीखाली दाबून घाटंजीपर्यंत आले, तिथून ऑटोनं तुमच्या गावी. वहिनी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तेरवीला का आली नाही ते त्यांनी विचारलं नाही. "ये वं. जेवली काय?" म्हणाल्या. मी खाली बसले.  काय ठरवून आले होते ते सगळं विसरले, आणि जे तोंडातून निघालं ते हेच, "वहिनी, घडीचं सांगायचं राह्यलं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग शेंगांचं सूप थोडं बाजूला सरकवलं. "सांग."

मी सांगायला लागले. वऱ्हाडीत, तुम्हाला पायजे तसं. म्हटलं, एक मशीन दुसऱ्याले निरोप पाठवते ना, तं दरेक निरोपावर आपल्या घडीचा आकडा लिहून पाठवते. ही घडी आपल्यासारखी नाई, मशीन चालू झाली तवापासून मोजत जाते. पलीकडची मशीन तो आकडा पाहाते. मांगच्या निरोपापेक्षा मोठा असला तं घेते. लहान असला तं तिले वाटते, हा जुना निरोप कोठंतरी भटकून आता आला, अन् ती फेकून देते. फेकलं म्हणून सांगतही नाई.

"हं," वहिनी म्हणाल्या.

"मंग आपण प्रोग्राम उचलून दुसऱ्या मशीनवर नेला, अन् तिथून..."

"थांब," वहिनी म्हणाल्या. "अन् दुसरी मशीन उशिरा चालू झाली असन तं? तिची घडी मांगं राहीन ना. मंग तिचे सारेच निरोप फेकून देईन ना थे."

एक मिनिटही झालं नव्हतं, भाऊ. मी अजून अर्ध्यातच होते. शनिवारी दीडची बस सोडून मी एक फोन केला असता तर वहिनींनी हेच विचारलं असतं, याच शब्दांत, शेंगा सोलता सोलता. पोचल्याचे निरोप फेकले गेले, म्हणून पलंगाकडची यंत्रं पुढचे आकडे न पाठवता वाट बघत बसली होती. मी नुसती मान हलवली. वहिनींच्या हातात एक शेंग अर्धी सोललेली होती. ती तशीच राहिली.

"ब्याऐंशी," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं. भाऊंनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं, दुसरं मशीन बारदान्याखालीच होतं, मला बस पकडायची होती. भाऊंनी माझ्या शब्दावर नाव टाकलं. डॉक्टर म्हणतात फरक पडला नाही. मला माहीत नाही पडला की नाही, आणि हे कधी कळणारही नाही. परवा ते पुन्हा हलवणार होते, म्हणजे आता उद्या, आणि मी बरं म्हणून बसले. हे सांगताना मी वहिनींकडं बघत नव्हते. अंगणात तुमची सायकल उभी होती, तिच्या सीटकडं बघत होते.

वहिनी उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत. मग वाटलं, येतील आणि मला जा म्हणतील. दोन्हीपैकी कशाचं भेव जास्त वाटलं ते सांगता येत नाही. आतून काही आवाज नव्हता. मी ओसरीवरून उठून चप्पल घालावी की बसावं, तेही मला ठरवता आलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तुमचा फोन होता. चार्ज करून ठेवलेला. "त्या नागपूरवाल्याले लाव," म्हणाल्या. "आधी थे. बाकी मंग."

मी लावला. तुमच्या नंबरावरून फोन आलेला पाहून तो माणूस घाबरला असणार, आवाज फाटला त्याचा. मी त्याला सांगितलं, उद्या काही हलवू नका, कोड चुकीचा आहे, मी तपासला नव्हता, तपासला असं खोटं लिहिलं.  तो म्हणाला, लेखी पाठवा. वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, फोन स्पीकरवर होता. सवयीनं मीच टाकला होता.

लेखीही तिथंच केलं. पिशवीत लॅपटॉप होता, तुमच्या ओसरीवर बसून मेल लिहिली, जगभरच्या त्या सगळ्या माणसांना. घड्याळाचा आकडा जुन्या मशीनच्या पुढंच चालू राहिला पायजे, नाहीतर काय होतं ते लिहिलं. दोन मशीनवर चालवून बघितलं नव्हतं हे लिहिलं. तुमचं नाव काढायला सांगितलं आणि का ते सांगितलं, की त्यांनी विचारलं होतं आणि माझ्या खोट्यावर विश्वास ठेवला. माझंही काढलं.  उद्या कोणी काम देईल की नाही, कंपनी काय करील, पोलीस, कोर्ट, सगळं डोक्यात फिरत होतं. तुम्ही म्हणायचे ना, भेव कायले देतं माणसाले. आता सगळ्यांना दिलं, भाऊ. स्वतःलाही.

अशा मेलच्या खाली आणखी एका नावाची जागा असते. तपासणाऱ्याची नाही, चूक ज्यानं दाखवून दिली त्याची. तिथं मी वहिनींचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी वाकून स्क्रीन बघितला. इंग्रजी अक्षरं त्यांना लागतात, हळूहळू.

"हे माह्यं नाव कायले?"

"चूक तुम्ही दाखवली, वहिनी. ज्यानं दाखवली त्याचं लिहितात."

त्या बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिल्या. मग सूप परत पुढ्यात ओढलं, ती अर्धी शेंग उचलली.

"मले पयलेच इचारलं असतं तं," म्हणाल्या, आणि दाणे काढायला लागल्या.